देलवाड्याची देवळे : बांधणारे आणि राखणारे

आबूरोडचे रेल्वेस्थानक मागे टाकून गाडी घाट चढू लागली, की पहिल्या काही वळणांतच प्रदेश पालटल्याचे ध्यानात येते. खाली बनास नदीचे वाळूचे पात्र, बाभळी आणि खुरटी झुडपे. वर मात्र आंबा, जांभूळ, बांबू, करवंदीच्या जाळ्या आणि पावसाळ्यात कातळांवरून धावणारे पाणी. अरवलीच्या मुख्य रांगेपासून बनासच्या खोऱ्याने अलग केलेला हा पहाड मैदानातून एकाकी वर आला आहे. गुरुशिखर हे त्याचे सर्वोच्च टोक १,७२२ मीटर, म्हणजे साडेपाच हजार फुटांहून काहीसे अधिक उंच आहे. ते आपल्या कळसूबाईपेक्षाही उंच आहे हे कळल्यावर सह्याद्रीच्या अभिमानी मराठी प्रवाशाला क्षणभर नवल वाटल्यावाचून राहत नाही.

सुमारे चार हजार फुटांवर नक्की नावाचा तलाव आहे आणि त्याच्या काठाने आबूचे गाव वसले आहे. देवांनी नखांनी हा तलाव खणला, म्हणून तो ‘नक्की’, अशी लोकांची समजूत. पहाडाविषयीच्या कथाही अशाच रम्य आहेत. वसिष्ठांची गाय खोल विवरात पडली, तेव्हा ते विवर बुजविण्यासाठी हिमालयाच्या पुत्राला अर्बुद नावाच्या नागाने पाठीवर वाहून आणले आणि त्या नागाचेच नाव पर्वताला मिळाले, ही त्यांतली एक. परमार, चौलुक्य, प्रतिहार आणि चाहमान ही चार राजकुळे येथील अग्निकुंडातून प्रकट झाली, ही दुसरी. संध्याकाळी पश्चिमेच्या कड्यावर बसून सूर्य मारवाडच्या धुळीत बुडताना पाहावा, तलावात नाव फिरवावी आणि सकाळच्या धुक्यात गुरुशिखर चढून यावे, असा प्रवाशांचा क्रम ठरलेला असतो. त्यातला तासाभराचा वेळ तो देलवाड्याच्या देवळांना देतो.

देलवाडा हे नाव मराठी माणसाला समजावून द्यावे लागत नाही. ‘देवकुल’ या शब्दापासून आपल्याकडे ‘देऊळ’ झाले, तिकडे त्याच शब्दातून हा ‘देऊळवाडा’ झाला. गावापासून दीड मैलावर, आंब्याच्या राईत, बाहेरून पाहता काहीशा रुक्ष वाटणाऱ्या भिंतींच्या आत पाच जैन मंदिरे आहेत. त्यांतली दोन जगप्रसिद्ध : विमलवसही आणि लूणवसही. सकाळची वेळ पूजेसाठी राखलेली असते, इतर प्रवाशांना दुपारी प्रवेश मिळतो, चामड्याची वस्तू आत नेता येत नाही आणि छायाचित्रे घेता येत नाहीत. ही शेवटची बंदी एका परीने उपकारकच म्हटली पाहिजे, कारण तिच्यामुळे माणसाला डोळ्यांनी पाहावे लागते.

विमलवसहीच्या रंगमंडपात उभे राहून मान वर केली, की घुमटाच्या एकात एक बसविलेल्या वर्तुळांतून सोळा विद्यादेवी खाली पाहत असतात आणि मध्यभागी संगमरवराचा लोलक एखाद्या उमलत्या कमळासारखा खाली उतरलेला असतो. वाटाड्या सांगतो, की गुजरातचा राजा भीमदेव याचा दंडनायक विमलशहा याने १०३१ मध्ये हे सारे बांधले. प्रवासी मान डोलावून पुढे जातो. ह्या वाक्यात असत्य काही नाही. परंतु पूर्ण सत्यही नाही, आणि जे राहून गेले आहे त्यातच ह्या देवळांचा खरा इतिहास आहे.

भीमदेव पहिला हा अणहिलवाड पाटणचा चौलुक्य राजा. आबूच्या पायथ्याशी चंद्रावती येथे परमारांची एक शाखा त्याची मांडलिक म्हणून राज्य करीत होती. तिचा राजा धंधुक याने भीमदेवाची सेवा नाकारली आणि तो धारच्या भोजराजाच्या आश्रयास गेला. तेव्हा हा प्रांत ताब्यात ठेवण्यासाठी भीमदेवाने विमलास चंद्रावतीस धाडले. विमल प्राग्वाट, म्हणजे पोरवाड कुळातला, वैश्य आणि सेनापती. त्याने तलवारीचे काम केले आणि मग, परंपरा सांगते त्याप्रमाणे, धंधुकाची समजूत काढून त्याला राजाच्या भेटीस आणले. अंबादेवीने त्याला पुत्र किंवा मंदिर यांपैकी एक माग असे सांगितले व त्याने मंदिर मागितले, ही कथाही तेथलीच. जमिनीसाठी नाणी अंथरून मोबदला दिला, असेही सांगतात. खर्चाचे अठरा कोटींचे आकडे ऐकविले जातात. त्यांना कागदाचा वा शिलेचा आधार नाही, म्हणून ते ऐकून सोडून द्यावेत.

आता गंमत अशी, की विमलाने स्वतः हे मंदिर कधी बांधले याचा त्याचा स्वतःचा लेख तेथे नाही. विक्रम संवत १०८८, म्हणजे इसवी सन १०३१, हे वर्ष ज्या शिलालेखावरून कळते तो लेख आहे संवत १३७८ चा. म्हणजे मंदिर बांधल्यानंतर दोनशे नव्वद वर्षांनी कोरलेला! भीमदेवाचे नाव, धंधुकाचे भोजाकडे जाणे, विमलाची नेमणूक, अंबेची आज्ञा, सारे त्या लेखात आहे. आणि तो लेख कोरविला तो मंदिर बांधणाऱ्यांनी नव्हे, मोडलेले मंदिर पुन्हा उभे करणाऱ्यांनी. बांधणाऱ्याची जन्मतारीख राखणाऱ्यांनी जपली.

दुसरी गोष्ट त्याहून विचार करण्यासारखी आहे. मंदिराचा गाभारा आणि त्यापुढील बंदिस्त गूढमंडप काळसर दगडाचे व पुष्कळ साधे आहेत. विमलाच्या काळचे बांधकाम मुख्यतः तेच असावे आणि सगळे जग जो रंगमंडप पाहावयास येते तो त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी उठला, असे मधुसूदन ढाकी यांच्यासारख्या स्थापत्याच्या अभ्यासकांनी शैलीच्या आणि लेखांच्या आधारे दाखविले आहे. विमलाचा वडील बंधू नेढ. त्याच्या वंशात पृथ्वीपाल झाला आणि तो कुमारपाल राजाचा मंत्री होता. रंगमंडपाचे श्रेय त्याच्याकडे जाते. सभोवारच्या ओवऱ्यांतील पन्नासांहून अधिक देवकुलिकांपैकी कित्येकींवरचे लेख संवत १२०० नंतरच्या दशकांतले आहेत. प्रवेशासमोरच्या हस्तिशाळेत पृथ्वीपालाने संवत १२०४ मध्ये आपल्या पूर्वजांच्या नावाने संगमरवरी हत्ती उभे केले. त्या हत्तींवरचे स्वार बहुतेक मोडले आहेत. हत्ती मात्र नावांसकट राहिले आहेत. तेव्हा विमलवसही ही एका माणसाची कृती नसून एका घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या वाढविलेला वाडा आहे. यात विमलाचे काही उणे होत नाही. ज्याने पहिला दगड ठेवला त्याच्यावाचून पुढचे कोणीच नव्हते.

हा संगमरवर आला कोठून? आबूचा पहाड कठीण ग्रॅनाइटचा. त्यात संगमरवर नाही. तो आला दक्षिण-पूर्वेच्या आरासुर डोंगरांतून, आजच्या अंबाजीच्या परिसरातून. बनासचे खोरे ओलांडून, त्या काळच्या पायवाटांनी, चार हजार फूट वर! हत्तींच्या पाठीवरून शिळा चढविल्या असे लोक सांगतात. वर आलेल्या दगडाला पाथरवटाने छिन्नी जपूनच लाविली. शेवटचे काम घासून, खरवडून केलेले दिसते. काही पाकळ्या इतक्या पातळ आहेत, की त्यांतून उजेड झिरपतो. निघालेल्या भुकटीच्या वजनाइतकी चांदी कारागिरास मिळे ही दंतकथा असली, तरी ती ज्याने रचली त्याला कामाची पद्धत ठाऊक होती यात संशय नाही.

येथे आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिराची आठवण होते. त्याच्यावरील लेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा. विमलाच्या मंदिरानंतर अवघ्या एका पिढीने कोकणच्या शिलाहारांनी ते उभारले. पण अंबरनाथला काळा बसाल्ट. त्यावर जाळीसारखे कोरीवकाम होत नाही, म्हणून तिथल्या शिल्पींनी छायाप्रकाशाचा खेळ बाहेरच्या भिंतींच्या मोठ्या घड्यांतून साधला. आबूला उलट : बाहेर काही नाही, आत सर्वस्व. ही बाहेरची साधेपणाची योजना आक्रमकांना फसविण्यासाठी होती असे नेहमी सांगितले जाते. ते पटण्यासारखे नाही. चौकाभोवती आत तोंड करून बसविलेल्या देवकुलिकांची पाठ बाहेरच्या बाजूस येणारच. हा जैन मंदिरांच्या आखणीचा स्वाभाविक परिणाम आहे. शिवाय फसवणूक हाच हेतू असता, तर तो साधला नाही हे पुढे दिसेलच.

विमलवसहीनंतर दोनशे वर्षांनी तिच्याच शेजारी लूणवसही उभी राहिली. पाटणचे राज्य तोवर खिळखिळे झाले होते आणि खरी सत्ता धोळक्याच्या वाघेला राणा वीरधवलाकडे गेली होती. त्याचे दोन मंत्री वस्तुपाल आणि तेजपाल हे भाऊ होते. त्यांचा लूणिग नावाचा वडील भाऊ तरुणपणीच वारला. जैन प्रबंधांत असे आहे, की मरतेसमयी त्याने आबूवर विमलाच्या मंदिरात एखादी लहानशी मूर्ती बसविण्याची इच्छा सांगितली. पण घरची स्थिती तेव्हा अशी होती, की तेवढेही जमले नाही. पुढे भावांना वैभव आले. १२३० मध्ये, संवत १२८७ त, तेजपालाने नेमिनाथाचे मंदिर बांधून घेतले. त्याला लूणवसही म्हणतात. मंदिरातील लेखात मात्र ते तेजपालाची पत्नी अनुपमादेवी आणि पुत्र लावण्यसिंह यांच्या पुण्यार्थ बांधले असे आहे, आणि ह्या मुलाचे दुसरे नावही लूणसिंह होते. भावाची आठवण आणि मुलाचे नाव एकाच शब्दात गुंफले गेले असावे. घराघरांतून असे होतच असते.

ही अनुपमादेवी ह्या साऱ्या इतिहासातील सर्वांत लोभस व्यक्ती. तिच्याविषयी प्रबंधकारांनी जे लिहिले ते सर्व अक्षरशः खरे मानण्याचे कारण नाही, परंतु चौदाव्या-पंधराव्या शतकांतल्या विद्वान यतींना एका मंत्र्याच्या पत्नीच्या तोंडी एवढे शहाणपण घालावेसे वाटले, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. भाऊ सौराष्ट्राकडे यात्रेस निघाले असता लुटारूंच्या भीतीने धन पुरावयास गेले, तो खड्ड्यात दुसऱ्याच कोणाचे पुरलेले धन सापडले. आता हे ठेवावे कोठे? अनुपमेने सांगितले, की धन डोंगराच्या माथ्यावर ठेवा : सर्वांना दिसेल पण कोणाला नेता येणार नाही असे. पुढे आबूवर काम रेंगाळू लागले. सूत्रधार शोभनदेव याची तक्रार अशी, की पहाटेच्या थंडीत माणसांचे हात चालत नाहीत आणि दुपारचा वेळ स्वयंपाकात जातो. तेव्हा तिने कारागिरांसाठी शेगड्या पेटविल्या, स्वयंपाकघर चालू केले आणि रात्रपाळी-दिवसपाळीची दोन पथके नेमली, अशी कथा आहे. पैसा पुष्कळांनी दिला असता, पण थंडीने आखडलेल्या बोटांचा विचार तिने केला.

शोभनदेवाचे काम विमलवसहीपेक्षा अधिक नाजूक आहे आणि काही जाणत्यांच्या मते किंचित अधिकच नाजूक. रंगमंडपाचा लोलक दगडाचा आहे यावर क्षणभर विश्वास बसत नाही. ओवऱ्यांच्या छतांत नेमिनाथाची कथा कोरली आहे : वरात निघाली आहे, लग्नाच्या जेवणासाठी कोंडलेले पशू दिसत आहेत, आणि त्यांचा आक्रोश ऐकून नवरदेव रथ वळवून वैराग्याकडे निघाला आहे. विमलवसहीच्या छतांत कालियामर्दन आणि नरसिंहही आहेत. जैन मंदिरात ते कसे, असा प्रश्न आजच्या माणसाला पडतो; तो अकराव्या-बाराव्या शतकातल्या माणसाला पडला नसावा. लूणवसही पुरी झाल्यावर जालोरचा मंत्री यशोवीर, जो वास्तुशास्त्राचा मोठा जाणकार होता, तो पाहावयास आला आणि त्याने शोभनदेवाला एकामागून एक दोष दाखविले. तीर्थंकराच्या घरात विलासिनी स्त्रियांच्या पुतळ्या कशाला, हा त्यांतला एक. हे प्रबंधांतच नमूद आहे. एवढ्या स्तुतीत एवढी टीका टिकून राहिली, याचे कौतुक वाटते.

लोककथा आणि लेख यांची फारकत कशी होते याचे उदाहरण याच मंदिरात समोरासमोर आहे. गूढमंडपाच्या दाराशी दोन अत्यंत सुंदर कोनाडे आहेत. त्यांना ‘देराणी-जेठाणीचे गोखले’ म्हणतात. दोघा भावांच्या बायकांनी, म्हणजे धाकट्या आणि थोरल्या जावेने, ईर्ष्येने एकमेकींवर मात करण्यासाठी ते करविले, ही गोष्ट शतकानुशतके चालत आली आहे. कोनाड्यांवरचे लेख सांगतात ते निराळेच : दोन्ही कोनाडे तेजपालानेच आपली दुसरी पत्नी सुहडादेवी हिच्या पुण्यार्थ केले. दोन्ही एकीसाठीच! बिचाऱ्या सुहडादेवीचे नाव दगडावर स्पष्ट असूनही लोकांच्या जिभेवरून पुसले गेले आणि जावाजावांचे भांडण तेवढे अमर झाले.

परंतु लूणवसहीतला खरा ठेवा तिथला लेखच आहे. एक प्रशस्ती सोमेश्वराची आहे. तो गुजरातच्या राजांचा पुरोहित, ब्राह्मण कवी आणि वस्तुपालाचा स्नेही. दुसरा लेख गद्यातला, काव्यहीन, व्यवहाराचा आहे आणि म्हणूनच अधिक मोलाचा. त्यात मंदिराची पुढची व्यवस्था लावून दिली आहे. देखरेख कोणी करावी? भावांच्या वंशजांनी आणि अनुपमादेवीच्या माहेरच्यांनी. तिचे माहेर पायथ्याचीच चंद्रावती, तेव्हा माणसे जवळची. दर वर्षी चैत्रात आठ दिवसांचा उत्सव व्हावा आणि त्यातला प्रत्येक दिवस भोवतालच्या अमुक अमुक गावांच्या श्रावकांनी साजरा करावा, असे गावांच्या नावांसकट ठरविले आहे. नेमिनाथाची कल्याणके देलवाड्याच्याच लोकांनी करावीत. चंद्रावतीचा परमार राजा सोमसिंह याने पूजेसाठी एक गाव दिले. आणि मंदिराच्या रक्षणाची जबाबदारी ज्यांनी पत्करली त्यांत अचलेश्वर आणि वसिष्ठ या स्थानांचे अधिकारी, ब्राह्मण आणि राजपूत यांचीही गणना आहे. ज्यांचा धर्म वेगळा त्यांनाही राखणदारीत गोवून घेतले होते. तेजपाल मंत्री होता. राज्ये जातात हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. त्याने मंदिर राजाच्या नव्हे, गावांच्या हवाली केले.

ही दूरदृष्टी लवकरच कसाला लागली. आबूच्या पायथ्याशी ११७८ मध्ये महंमद घोरीचा पराभव झाला होता. त्या युगातला परमार राजा धारावर्ष एका बाणात तीन रेडे भेदणारा म्हणून गाजला आणि अचलगडाच्या मंदाकिनी कुंडाशी त्याचा पुतळा तीन दगडी रेड्यांसमोर अद्याप उभा आहे. परंतु चौदाव्या शतकाच्या आरंभी अलाउद्दीन खिलजीच्या फौजा जालोरवर चालून गेल्या. त्याच धामधुमीत, १३११ च्या सुमारास, आबूची दोन्ही मंदिरे फोडली गेली. मूळ मूर्ती गेल्या, हत्तींवरचे स्वार गेले, पुष्कळ कोरीवकाम छिन्नविच्छिन्न झाले. परमारांचे राज्यही त्याच काळात संपून देवडा चौहानांचे आले. पाटणचे राज्य तर आधीच बुडाले होते. ज्या ज्या सत्तांनी ही मंदिरे उभी केली, त्यांतली एकही आता शिल्लक नव्हती.

अशा वेळी, अवघ्या दहा वर्षांत, दोन्ही मंदिरे पुन्हा उभी राहिली! शके १२४३, म्हणजे १३२१ मध्ये, विमलवसहीचा उद्धार लल्ल आणि वीजड यांनी, आणि लूणवसहीचा चंडसिंहाचा पुत्र पेथड याने केला. हे राजे नव्हते की मंत्री नव्हते. व्यापारी गृहस्थ होते. समकालीन आचार्य जिनप्रभसूरी यांनी आपल्या ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात मोडतोड आणि उद्धार या दोहोंची नोंद केली आहे. त्यांचे काम मूळच्या तोडीचे नाही, हे उघड आहे. नव्याने बसविलेले भाग साधे आहेत आणि काही मूर्तींत हात अडखळलेला दिसतो. शोभनदेवाच्या परंपरेतले शिल्पी कदाचित उरले नसतील, कदाचित तेवढा पैसा नसेल. पण कलेच्या इतिहासकारांनी ह्या माणसांकडे जरा तुच्छतेनेच पाहिले, हा अन्याय आहे. त्यांनी पडके छत पडके ठेवले असते, तर त्याखालचे अप्रतिम खांबही आज दिसले नसते. पेथडाने लूणवसहीच्या एका खांबावर आपल्यासाठी एकच छोटासा श्लोक कोरून ठेवला आहे. वस्तुपालाच्या मंदिराचा स्वतःच्या धनाने जीर्णोद्धार करणारा हा संघपती चंद्रसूर्य असेतो नांदो, एवढाच त्याचा आशय. मंदिराला त्याने आपले नाव दिले नाही.

त्यानंतरचा काळ आबूवर निरनिराळ्या धन्यांचा गेला. मेवाडच्या राणा कुंभाने पहाड जिंकला, अचलगडाचा किल्ला नव्याने बांधला आणि संवत १५०६ मध्ये देलवाड्याच्या यात्रेकरूंवरचे कर माफ करणारा लेख कोरविला. दहा वर्षांनी खरतरवसही हे तीन मजली चौमुखी मंदिर झाले. उरलेल्या दगडांतून कारागिरांनीच ते आपल्या खर्चाने बांधले अशी लोकांची समजूत असली, तरी लेखांप्रमाणे त्याचा कर्ता मंडलिक नावाचा धनिक होता. त्याच सुमारास, १४६८-६९ त, भीमाशहाच्या जुन्या मंदिरात आदिनाथाची १०८ मण वजनाची धातुमूर्ती बसविण्यात आली. ती बसविणारे सुंदर आणि गदा हे अहमदाबादच्या सुलतान महमूद बेगड्याचे मंत्री होते. दीडशे वर्षांपूर्वी एका सुलतानाच्या फौजेने जेथे मूर्ती फोडल्या, तेथेच दुसऱ्या सुलतानाच्या मंत्र्यांनी मूर्ती आणून बसविली! इतिहास सरळ रेषेत चालत नाही म्हणतात तो असा.

युरोपियनांपैकी आबू प्रथम पाहिला तो कर्नल जेम्स टॉड याने, १८२२ च्या जूनमध्ये, राजस्थानचा निरोप घेऊन मुंबईस जाताना. विमलवसही पाहून त्याला ताजमहालाखेरीज तिच्या जोडीला बसविण्यासारखे काही आठवेना. त्याचे प्रवासवर्णन त्याच्या मृत्यूनंतर १८३९ मध्ये प्रसिद्ध झाले. मग १८४५ त सिरोहीच्या राव शिवसिंहाने आजारी गोऱ्या सैनिकांच्या आरोग्यधामासाठी पहाडावर जागा दिली. देताना त्याने गोवध होणार नाही, गोमांस वर आणले जाणार नाही, अशी अट घातली होती. आरोग्यधामामागून बंगले आले, शाळा आली, राजपुतान्याच्या एजंटाची कचेरी आली. नक्कीच्या काठी आजचे थंड हवेचे ठिकाण उदयास आले ते असे. १८५७ च्या २१ ऑगस्टला पहाटेच्या धुक्याचा फायदा घेऊन जोधपूर लीजनचे बंडखोर शिपाई हा पहाड चढून आले आणि त्यांनी गोऱ्यांच्या बराकींवर गोळ्या झाडल्या. तेवढा एक प्रसंग सोडला, तर ते जीवन निवांत होते. पायथ्याच्या चंद्रावतीला मात्र हा नवा काळ भोवला. रेल्वेचा मार्ग घालताना त्या नगरीचे उरलेसुरले संगमरवरी अवशेष कंत्राटदारांनी नेले. अनुपमेच्या माहेराला राखणारे कोणी नव्हते.

देवळांत गोरे पाहुणे बूट घालून फिरत, ह्या गोष्टीचे शल्य जैन समाजाला दीर्घकाळ होते. अखेर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आचार्य विजयधर्मसूरी यांनी पत्रव्यवहाराने आणि युरोपीय पंडितांच्या साहाय्याने तो प्रकार बंद करविला. मोर्चा नाही, दंगा नाही. काही पत्रे, आणि एक वाजवी मागणी.

स्वातंत्र्यानंतर आबू कोणाचा, हा वाद पेटला. १९५० च्या जानेवारीत सिरोही संस्थानाची फाळणी होऊन आबूरोड आणि देलवाडा हे तालुके मुंबई राज्यात गेले. ह्या मंदिरांचा कारभार त्यामुळे जवळजवळ सात वर्षे मुंबईच्या सचिवालयाच्या कक्षेत होता, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. गुजरातच्या कैवाऱ्यांनी विमल आणि वस्तुपाल यांचे दाखले दिले. राजस्थानच्या कैवाऱ्यांनी परमार, चौहान आणि कुंभा यांचे. दोघांचेही खरे होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत आबू राजस्थानात गेला.

हा वाद चालू असतानाच मंदिरांत निराळेच काम सुरू झाले होते. आणंदजी कल्याणजी पेढीचे प्रमुख शेठ कस्तुरभाई लालभाई यांनी देलवाड्याच्या जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले आणि स्थपती अमृतलाल मूळशंकर त्रिवेदी यांच्याकडे ते सोपविले. जुन्या दगडाशी जुळेल असा दगड हवा होता, म्हणून अंबाजीच्या बाजूच्या, पूर्वीच्या दांता संस्थानच्या डोंगरांतला संगमरवर पुन्हा काढण्यात आला. विमलाच्या आणि तेजपालाच्या शिळा ज्या बाजूने आल्या त्याच बाजूने. काम अनेक वर्षे चालले. भंगलेल्या पुतळीचा हात शेजारच्या अभंग पुतळीवरून मापून घ्यायचा, तुटलेल्या तोरणाचा तुकडा नव्याने घडवून जुन्या खाचेत बसवायचा, आणि जोड दिसू नये इतके घासावयाचे, असे ते काम. मारवाड-गुजरातकडच्या शिल्पी घराण्यांतली मुले त्यावर हात बसवून गेली.

आज रंगमंडपात उभा राहिलेला प्रवासी जे एक अखंड सौंदर्य म्हणून पाहतो, त्यात अकराव्या शतकाचा काळा गाभारा आहे, बाराव्याचा घुमट आहे, चौदाव्याचा थोडा अवघडलेला हात आहे आणि विसाव्याचा जोड आहे. बारकाईने पाहिले तर कोठे कोठे जुन्या, मधासारख्या पिवळसर झालेल्या पाकळीशेजारी एखादी पाकळी किंचित अधिक पांढरी दिसते.